हिरवळीची भादरणी

आषाढातला पहिला दमदार पाऊस पडून आठ दिवस लोटले, की आपल्या बडोद्याच्या काळ्या मातीतून जे काही वर येते त्या सगळ्याला आपण सरसकट ‘गवत’ म्हणून मोकळे होतो. वैशाखात जिच्या भेगांत मुलांचे चेंडू अडकत होते, ती जमीन पाहता पाहता मिटते आणि हिरवी होते. बंगल्यांच्या अंगणांत, शाळांच्या पटांगणांत, देवळामागच्या पडीक जागेत, रेल्वेच्या रुळांकडेला, जिथे म्हणून मातीला मोकळा श्वास आहे तिथे गवत. आठवड्यात ते घोट्याला लागते, पंधरवड्यात गुडघ्याला. मग घरातले कोणीतरी खिडकीतून बाहेर पाहत म्हणते, “गवत फार माजले आहे, काढायला हवे.” आयुष्यभर मुलांना व्याकरण शिकवलेल्या माणसाच्या कानाला या वाक्यातली एक उणीव ताबडतोब जाणवते. ‘काढायला हवे’ खरे, पण कोणी? या वाक्याला कर्ता नाही. घराघरांतून दर पावसाळ्यात हे वाक्य उच्चारले जाते, आणि बहुतेक घरांत ते असे कर्त्यावाचूनच श्रावणभर लोंबकळत राहते.

आपल्या भाषेला गवताचे वावडे आहे असे नाही. तृण, हरळी, लव्हाळा, कुंदा, पवना, कुसळी अशी किती नावे आपल्याजवळ आहेत! कापलेल्या गवताची पेंढी होते, पेंढ्यांचा भारा होतो, भाऱ्यांची गंजी होते. धान्याची सवंगणी होते, भाजी खुडली जाते, फांदी छाटली जाते, मेंढी कातरली जाते. पण वाढलेली हिरवळ वरच्यावर सारखी करून ठेवायची, मुळासकट उपटायची नाही आणि चाऱ्यासाठीही कापायची नाही, या कामाला मात्र मराठीत नेमके क्रियापद नाही. कारण उघड आहे. ज्या कामातून ना दाणा मिळतो ना चारा, ते आपल्या पूर्वजांनी कधी केलेच नाही, मग त्याला शब्द कशाला लागेल? खेड्यात डोक्याचे केस उतरवण्याला ‘भादरणे’ म्हणतात. शब्द जरा रांगडा आहे, शिष्ट मंडळी नाक मुरडतील; पण यंत्र फिरून गेल्यावरची हिरवळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो पटेल. आणि ‘लॉन’ या शब्दाचे म्हणाल तर महाराष्ट्रात आता लग्नाच्या जागेलाच ‘लॉन्स’ म्हणू लागले आहेत. पुण्यानाशिकाकडची निमंत्रणपत्रिका आली, की आपल्या इकडची मुले विचारतात, लग्न गवतात लावणार का? आपण गुजरातेत त्याच जागेला ‘पार्टी प्लॉट’ म्हणतो, त्यामुळे आपल्याला हसण्याचा फारसा अधिकार नाही. असो.

गवताचा विचार करताना एका गोष्टीचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. झेंडूचे रोप शेंड्याला खुडले, की त्याची उंची तिथेच थांबते आणि त्याला बाजूने फुटावे लागते. कारण बहुतेक वनस्पतींचा वाढीचा कोंब शेंड्याला असतो. गवताचे तसे नाही. त्याचा कोंब जमिनीलगत दडलेला असतो आणि पाते खालून वर ढकलले जात असते. म्हणून वरचे टोक गाईने खाल्ले, विळ्याने कापले वा यंत्राने उडवले, तरी पाते आपले वाढतच राहते. चरणाऱ्या जनावरांच्या सहवासात लक्षावधी वर्षे काढल्यामुळे गवताने ही युक्ती साधली आहे. हिरवळ राखण्याचे सगळे शास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे. वारंवार वरून कापत राहिले, की ज्यांचे कोंब शेंड्याला आहेत ती तणे हळूहळू खचतात आणि ज्याचा कोंब खाली आहे ते गवत दाट होते. म्हणजे हिरवळ ही पेरून जितकी होते, त्याहून अधिक कापून होते. हे एकदा ध्यानात आले, की ‘किती वेळा कापायचे हो?’ हा प्रश्न कटकटीचा राहत नाही.

आपल्या भागात या कामाला सर्वांत योग्य गवत कोणते, याचे उत्तर शोधण्यासाठी कोणत्याही रोपवाटिकेत जाण्याचे कारण नाही. ते आपल्या देव्हाऱ्यात आहे. हरळी म्हणा, दूर्वा म्हणा, एकच. ती जमिनीवरून धावते आणि जमिनीखालूनही धावते. प्रत्येक पेराला मुळी फोडते आणि तिथून नवा संसार मांडते. यजुर्वेदातल्या दूर्वेच्या मंत्रात तिच्या या कांड्याकांड्यातून उगवण्याचेच वर्णन आहे. तो मंत्र रचणाऱ्याने हरळी नुसती पूजलेली नव्हे, नीट पाहिलेली होती. शेतकरी मात्र तिला शत्रू मानतो. उसात किंवा कपाशीत हरळी शिरली म्हणजे त्याच्या कपाळाला आठी पडते, आणि ‘हरळीच्या मुळ्या’ हा शब्दप्रयोग चिवट माणसासाठी आपण काही कौतुकाने वापरत नाही. एकाच वनस्पतीला शेतात शिवी आणि देवापुढे एकवीस जुड्यांचा मान, हा व्यवहार आपल्याच समाजाला शोभतो.

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला आपल्या घरोघरी तिची शोधाशोध होते, आणि त्यानंतर चारच दिवसांनी, अष्टमीला, आपले गुजराती शेजारी ‘धरो आठम’ पाळतात; बायका त्या दिवशी याच हरळीची पूजा करतात. धरो म्हणजेच दूर्वा. दोनशे नव्वद वर्षे आपण या मातीत राहत आलो. दोन भाषांनी एकाच गवतापुढे एकाच पंधरवड्यात हात जोडावेत, याचा उल्लेख मला आपल्या मंडळींच्या भाषणांतून कधी ऐकू आला नाही. सांस्कृतिक ऐक्यावर बोलणारे लोक बहुधा वर पाहून बोलतात.

आता यंत्राकडे वळू. हिरवळीची हौस मुळात पावसाळी, थंड इंग्लंडातली. तिथे बारा महिने रिमझिम, त्यामुळे गवत पाणी न घालताही हिरवे. मोठमोठ्या जमीनदारांच्या वाड्यांपुढे ते मेंढ्या चारून किंवा लांब दांड्याच्या कोयत्याने कापून आखूड ठेवीत. कोयतेवाले पहाटे उठत, कारण दवाने ओले असलेले गवत कोयत्याला चांगले कापता येते. काम कसबाचे आणि माणसे पुष्कळ लागायची, म्हणून हिरवळ ही श्रीमंतीची खूण झाली. जिच्यावर काही पिकत नाही अशी जमीन बाळगणे आणि ती न पिकवण्यासाठी माणसे ठेवणे, याहून ऐश्वर्याचा पुरावा कोणता?

हे बदलले ते एडविन बडिंग नावाच्या एका कारागिराने. तो ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या स्ट्राउडजवळ राहत असे. तो लोकरीच्या गिरण्यांचा मुलूख. विणलेल्या लोकरी कापडावर उभे राहिलेले तंतू सारखे कातरण्यासाठी तिथे एक यंत्र वापरीत. त्यात पिळाच्या आकाराची पाती लावलेले रूळ फिरे. बडिंगच्या मनात आले, कापडावरची लव जर अशी कातरता येते तर जमिनीवरची का येऊ नये? १८३० साली त्याने आपल्या गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. यंत्र १९ इंच रुंदीचे, लोखंडाचे आणि ढकलायला चांगलेच जड होते. दोनच वर्षांत, १८३२ साली, इप्सविच येथील रॅन्सम्स या कारखान्याने परवाना घेऊन ती यंत्रे बनवायला आरंभ केला. पुढे मोठ्या मैदानांसाठी घोडे जुंपायची यंत्रे निघाली, आणि टापांनी हिरवळ उखडू नये म्हणून घोड्यांच्या पायांत चामड्याचे जोडे चढवू लागले. आपल्याकडे त्याच यंत्रांना बैल जुंपले गेले. रुळाच्या मधुर खुळखुळाटात संथ चाललेली बैलजोडी आणि मागे उडणारा गवताचा हिरवा भुगा हे दृश्य आपल्यापैकी काही वयस्क वाचकांनी पाहिलेही असेल.

बडोद्याला ही हौस राजाश्रयाने आली. सयाजीबाग, ज्याला आपण सगळे कमाटीबाग म्हणतो, ती १८७९ ची. लक्ष्मीविलास राजवाडा १८९० साली पुरा झाला आणि त्याभोवतीची बाग आखण्याचे काम इंग्लंडातल्या क्यू उद्यानात तयार झालेल्या विल्यम गोल्डरिंग यांच्याकडे होते. आपल्या शहराचे क्रिकेटही त्या हिरवळीचेच अपत्य. १९४७ च्या मार्च महिन्यात बडोद्यातच होळकर संघाविरुद्ध रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला आणि त्यात विजय हजारे व गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली. हजाऱ्यांच्या २८८, गुल महंमदांच्या ३१९. या विक्रमाबद्दल पुष्कळ लिहिले गेले; माझ्या मनात मात्र नेहमी त्या बिचाऱ्या इंदूरकरांचे क्षेत्ररक्षण येते. सीमेपर्यंत जाऊन चेंडू आणण्याच्या त्या येरझाऱ्यांत बडोद्याचे गवत जितके तुडवले गेले असेल, तितके त्यापूर्वी क्वचितच तुडवले गेले असेल.

परंतु राजवाड्याची हिरवळ निराळी आणि सरकारी शाळेचे पटांगण निराळे. आमच्या पटांगणात जून महिन्यात जे उगवते त्यात हरळी आहे, लव्हाळा आहे, टाकळा, केना, आघाडा, दगडी पाला आहे. आणि त्यात मुले खेळतात. पोटऱ्यांपर्यंत गवत वाढलेल्या मैदानात चेंडू शोधायला वाकलेला आठ वर्षांचा मुलगा हाताने गवत बाजूला सारतो, तेव्हा मुख्याध्यापकाच्या पोटात काय होते हे त्याच्या जागी बसल्यावाचून कळायचे नाही. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरते, साप बाहेर पडतात, आणि उंच गवतात उंदरांच्या व बेडकांच्या मागावर येतात. बहुतेक बिचारी धामण असते, जिचा उपकारच मानावा. पण नाग, घोणस, मण्यार, फुरसे ही चारही नावे आपल्या मुलुखात अपरिचित नाहीत. शाळेच्या गवताचा प्रश्न माझ्या लेखी शोभेचा कधीच नव्हता. ते आखूड असले म्हणजे मुलाला आपला पाय कुठे पडतो हे दिसते, एवढेच.

पुष्कळ वर्षे हे काम शाळेमागच्या वस्तीतल्या तीन-चार बायका करीत. त्यांच्यातल्या सर्वांत वृद्ध बाईंना आम्ही सारे ‘बा’ म्हणत असू. बाच्या दारी दोन म्हशी होत्या. श्रावणातल्या एखाद्या सकाळी शाळा भरण्यापूर्वी या बायका दातेरी विळे घेऊन येत, मैदान आपसांत पातींनी वाटून घेत आणि उकिडव्या बसून पुढे पुढे सरकत. डाव्या हाताच्या मुठीत गवत धरायचे, उजव्या हाताने विळा आपल्याकडे ओढायचा, मूठ मागे टाकायची. बसण्यापूर्वी प्रत्येकजण पुढच्या गवतावर काठी आपटून घेई. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते, की कोणत्या परिपत्रकातून कळवले नव्हते. दहा वाजेपर्यंत भारे बांधून त्या निघून जात. शाळेने त्यांना काही द्यायचे नाही, त्यांनी शाळेला काही मागायचे नाही. गवत हीच मजुरी. ध्वजस्तंभाच्या उत्तरेला हरळीचा एक स्वच्छ तुकडा होता. तेवढा बा न सांगता सोडून देई, कारण चतुर्थीच्या आदल्या दिवशी आसपासच्या मराठी घरांतली मुले तिथे दूर्वा खुडायला येतात हे तिला ठाऊक होते.

मग यंत्र आले. ते शाळेने मागितले नव्हते. एका कार्यालयाने ते पाठवले, सोबत पोच देण्याचा कागद पाठवला, आणि त्याला लागणाऱ्या पेट्रोलची तरतूद मात्र पाठवली नाही. ती कोणत्या सदराखाली मिळेल, अशी विचारणा केली असता आलेले उत्तर वाचकांपैकी जे सरकारी नोकरीत आहेत त्यांना न सांगता कळेल. ते यंत्र म्हणजे खांद्याला अडकवायचे, लांब दांड्याचे, टोकाला नायलॉनची दोरी गरगर फिरवणारे. ते चालवायला ठेकेदाराचा माणूस येई. दोन तासांत मैदान साफ! आम्ही सगळे थक्क होऊन व्हरांड्यात उभे होतो. बा आपला विळा घेऊन फाटकाशी उभी होती. तिने खाली वाकून कापलेल्या गवताची मूठ उचलली, चोळून पाहिली, वास घेतला आणि गुजरातीत म्हणाली, “साहेब, हे मशीन गवत कापत नाही, बिघडवते. माझी म्हैस याला तोंड लावणार नाही.”

हे तिचे बोलणे मी त्या वेळी हितसंबंधाचे समजलो नाही आणि आजही समजत नाही, कारण ते शास्त्राला धरून आहे. विळा पाते अखंड कापतो; ते पेंढीत वाळते, टिकते. फिरत्या दोरीने गवताच्या चिंधड्या होतात, माती आणि कचरा त्यात मिसळतो, आणि त्या ओल्या चिंधड्यांचा ढीग पडला की एका रात्रीत तो आतून तापून आंबू लागतो. जनावरापुढे तो टाकू नये, असे जाणकारही सांगतात. म्हणजे जे काल चारा होते ते आज कचरा झाले. आणि तो उचलून नेण्याचे पैसे वेगळे.

दुसरी हानी अधिक दुःखद झाली. वनमहोत्सवाचा उपक्रम १९५० साली कन्हैयालाल मुनशींनी केंद्रीय मंत्री असताना सुरू केला. ते बडोदा कॉलेजचे विद्यार्थी, म्हणून आपल्याला त्याचे थोडे अधिक अगत्य. आमची मुले दर जुलैत रोपे लावतात, आळ्याला आपली नावे देतात. त्या वर्षी लावलेली कडुनिंबाची आणि करंजाची अकरा रोपे हिरवीगार असताना दसऱ्यापर्यंत त्यांतली सात वाळली. पाणी होते, वाळवी नव्हती. बुंध्याशी गवत बाजूला करून पाहिले तर जमिनीपासून चार बोटांवर साल गोलाकार सोलून निघालेली. झाड मुळांना अन्न पोहोचवते ते सालीतून; सालीचे कडे एकदा पुरते तुटले की वर पाने काही काळ हिरवी दिसली तरी मुळे उपाशी मरतात. गवत ‘मुळापर्यंत स्वच्छ’ करण्याच्या भरात ती दोरी बुंध्याला लागली होती. ठेकेदाराच्या माणसाला दोष देऊन काय होणार? त्याला मैदानाचे पैसे मिळतात, रोपांचे नव्हेत.

तेव्हापासून आम्ही मैदानाची वाटणी करून टाकली आहे. मधला खेळाचा भाग यंत्राकडे, दर आठ-दहा दिवसांनी, रविवारी, मुले नसताना. कारण ती दोरी बारीक खडा बंदुकीच्या गोळीसारखा उडवते आणि चालवणाऱ्याने डोळ्यांवर जाड चष्मा व पायांत बूट घातल्यावाचून तिला हात लावू नये. कुंपणाकडेचा पट्टा विळ्यांकडे. प्रत्येक रोपाभोवती हातभर व्यासाची जागा खुरप्याने मोकळी करायची आणि तिथे वाळका पाला अंथरायचा, म्हणजे यंत्राला तिकडे जाण्याचे कारणच उरत नाही. हे शेवटचे काम सातवीच्या मुलामुलींकडे आहे, आणि ज्यांच्या नावाची रोपे वाळली होती ती मुले त्यात सर्वांत कडक आहेत.

घरी अंगण असलेल्या वाचकांनी पुढील गोष्टी जरूर पाहाव्यात. गवताची उंची एका वेळी एक तृतीयांशाहून अधिक कमी करू नये. तीन इंचांचे दोन इंच करावे. सहा इंच वाढू देऊन मग एकदम इंचावर आणले तर गवत पिवळे पडते, मुळांची वाढ काही दिवस खुंटते, आणि उघड्या पडलेल्या जमिनीत लव्हाळा आनंदाने शिरतो. विम्बल्डनची टेनिसची हिरवळ ८ मिलिमीटरांवर ठेवतात हे खरे, पण तिच्या दिमतीला जेवढी माणसे असतात तेवढी आपल्या वाड्यात एके काळी पंक्तीलाही नसत. आपल्या हरळीला दीड ते दोन इंच उत्तम. कोयतेवाल्यांना दव हवे असे. यंत्राचे उलटे आहे. ओले गवत यंत्रात गोळा होते, चाके घसरतात, म्हणून दव उडाल्यावर, दहा-अकराच्या सुमारास काम काढावे. विजेवर चालणारे यंत्र असेल तर पावसात, ओल्या गवतावर ते मुळीच सुरू करू नये; दोर जोडाजोडीचा नसावा आणि तो पात्यांच्या मागे राहील असे पाहावे. पात्यात अडकलेला गोळा काढताना आधी यंत्राचा वीजपुरवठा तोडावा, मग हात घालावा. यात हयगय करणाऱ्याची बोटे पुन्हा हिरवळीसारखी उगवत नाहीत.

ढकलायचे रूळयंत्र आजही मिळते आणि लहान अंगणाला त्यासारखे दुसरे नाही. त्यात फिरती पाती व खालचे स्थिर पाते मिळून गवत कात्रीसारखे कापतात. गरगर फिरणाऱ्या एकाच पात्याची यंत्रे गवताला झोडपून तोडतात. पाते बोथट असेल तर टोके फाटतात आणि दुसऱ्या दिवशी सगळी हिरवळ तांबूस दिसते. मग लोक खत घालतात. खरे पाहता तिथे खताची नव्हे, कानसीची गरज असते. बारीक कापलेले गवत थोडे असेल तर जागच्या जागी पडू द्यावे, ते कुजून खतच होते; जाड थर मात्र उचलावा, नाहीतर खालचे गुदमरते. आणि उन्हाळ्यात हरळी तपकिरी पडली म्हणून प्यायच्या पाण्याने तिला भिजवत बसू नये. ती मेलेली नसते, झोपलेली असते.

गाजरगवताबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्याने नोंदले गेलेले हे परदेशी तण आता देशभर आहे, आपल्या कुंपणाशीही आहे. त्याच्या स्पर्शाने त्वचेला खाज सुटते, परागांनी दम्याच्या रुग्णांना त्रास होतो. १९८४ साली मेक्सिकोहून त्याचा पाला खाणारे भुंगेरे मुद्दाम आणून बंगळूरला सोडण्यात आले, आणि ते पावसाळ्यात आपल्याकडेही दिसतात. अंगावर तपकिरी वेलबुट्टी असलेला हा बारीक किडा दिसला तर चिरडू नये. परंतु सगळे काम त्याच्यावर टाकता येणार नाही. या तणावर यंत्र फिरवणे व्यर्थ आहे. ते खालून पुन्हा फुटते आणि बुटक्या फांदीवरही फुले धरते. पांढरी फुले येण्याआधी, पावसाने माती मऊ असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. एका झाडाचे बी हजारोंनी पडते, तेव्हा एक आठवड्याचा आळस पुढच्या वर्षी भोवतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले ते आपण कोणीच विसरलेलो नाही. आमच्या पटांगणातही ते उभे राहिले आणि ओसरताना गाळाचा थर ठेवून गेले. टाकळा सडला, केना सडला, खेळाच्या खुणा पुसल्या गेल्या. वर्गांतला चिखल काढण्यात आम्ही गुंतलो असताना एके दिवशी शिपाई सांगत आला, की ध्वजस्तंभापाशी काहीतरी उगवले आहे. जाऊन पाहिले तर तडकलेल्या गाळाच्या फटींतून हरळीचे लालसर कोंब बाहेर पडलेले. त्या वर्षी चतुर्थी सात सप्टेंबरला होती. दूर्वा आखूड होत्या, पण जुड्या झाल्या.

बा आता थकली आहे. शहरात जनावरे बाळगण्यावरचे निर्बंध वाढत गेले तशा तिच्या म्हशी गावाकडे नातलगांकडे गेल्या, आणि इतर बायकांच्या दारचे खुंटेही रिकामे झाले. चारा नको असेल तर विळा कोणासाठी धरायचा? यंदा श्रावण लागला तरी कुंपणाचा पट्टा तसाच उभा होता. परवा बाची सून आली. हातात सासूचाच विळा, त्याला नवी मूठ बसवलेली. म्हणाली, “साहेब, गवत नको, पैसे द्या. मशीनवाल्याला देता तेवढेच.” तिचे म्हणणे मला रास्त वाटले. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मी ते मांडले आणि सर्वांनी माना डोलावल्या. रक्कम ठरली, दिवसही ठरला. ती कोणत्या सदराखाली खर्ची घालायची याविषयी वरून उत्तर यायचे आहे, पण सोमवारी ती काम सुरू करणार आहे. ध्वजस्तंभाच्या उत्तरेचा तुकडा सोडायचा का, हे तिने स्वतःहून विचारले.